बरोक काळातली अलंकरणाची छापचित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फर्निचर, आरसे, चांदीची भांडी, पलंग, महिरपी यांच्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय छापचित्रांबद्दल संग्राहक, इंटिरिअरवाले, लाकूड-कोरीवकाम करणारे आणि कलाविद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीवर दोनदा लिहिण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही छापचित्रं म्हणजे नेमकं काय? वस्तूंची चित्रं की कारागिरांचे नकाशे?

धड दोन्ही नाहीत. पॅरिस, रोम, ऑग्सबर्ग, हेग इथल्या प्रकाशकांनी तांब्याच्या पत्र्यावरून छापून विकलेले हे नमुने आहेत. काळ साधारण १६०० ते १७३०. विषय म्हणाल तर मेज, कपाटं, आरशांच्या चौकटी, मेणबत्तीचे उंच स्टँड, छत्रपलंग, फायरप्लेसच्या चौकटी, छताची भरगच्च नक्षी, सुरया, बग्ग्या, चर्चमधल्या वेद्या. गिऱ्हाईक म्हणजे सोनार, सुतार, गिलाव्यातली नक्षी करणारे, भरतकामवाले. शिवाय दरबारात काय चाललंय ते घरबसल्या बघायची हौस असलेली श्रीमंत मंडळी. चित्रं बहुधा संचाने विकली जात. सहाचा संच फार दिसतो, पण चार, आठ, बारा पानांचेही आहेत.

समोर ठेवलेली वस्तू पाहून काढलेली चित्रं यात फार थोडी. बहुतेक ‘असंही करता येईल’ असं सुचवणारी. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचे निम्मे घोळ टळतात.

२. म्हणजे चित्रातल्या वस्तू कधी बनल्याच नाहीत का?

काही बनल्या, काही अर्ध्यामुर्ध्या बनल्या, बऱ्याच कागदावरच राहिल्या. आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा स्वतःच राजाचा फर्निचर-कारागीर. पॅरिसचा प्रकाशक मारिएत याने काढलेल्या त्याच्या आठ पानांच्या संचातले नमुने त्याच्या कारखान्यातल्या कामाशी थेट मिळतात. याच्या उलट टोकाला छापचित्रकार जाँ लपोत्र (प्रश्न ३). त्याच्या मेजांखाली एवढ्या जलपऱ्या, सिंह आणि गरुड कोंबलेले असतात की तसंच्या तसं मेज केलं तर बसणाऱ्याला पाय ठेवायला जागा उरणार नाही. कारागीर त्यातून एखादा पाय, एखादी झालर, एखादा मुखवटा उचलत आणि आपल्या कामात बसवत.

‘इतकं अवजड कुणी केलंच नसेल’ असंही मात्र समजू नका. व्हर्सायला चौदाव्या लुईकडे खरोखरच चांदीची मेजं, स्टँड आणि कुंड्या होत्या. युद्धखर्चासाठी १६८९ मध्ये त्या वितळवल्या. सुमारे २० टन चांदी निघाली. आज त्यांची कल्पना रेखाटनं, भिंतीवरचे विणीव पडदे आणि लेखी याद्या यांवरूनच येते. त्या धर्तीचं चांदी मढवलेलं फर्निचर पाहायचं तर इंग्लंडमधला नोल हा जुना वाडा किंवा कोपनहेगनचा रोझेनबोर्ग राजवाडा गाठावा लागतो.

३. सुरुवात करायची तर कुणाकुणाची नावं माहीत हवीत?

यादी लांबवता येईल, पण ही सहा-सात नावं पक्की केली की बाजारात येणारी बरीचशी पानं ओळखू येतात.

जाँ लपोत्र (१६१८–१६८२) हा या सगळ्यांत सुपीक. त्याची दोन हजारांहून अधिक छापचित्रं आहेत. तो आदाँ फिलिपाँ या सुताराकडे शिकला आणि त्याच्याबरोबर रोमला गेला. म्हणून रोमन भव्यता आणि सुतारी जोडकामाची समज दोन्ही त्याच्यात दिसतात. अकँथस या कातरलेल्या पानांच्या झाडाची जाडजूड, वळसे घेत जाणारी पानं ही त्याची खूण. त्याचं आडनाव जुन्या पत्र्यांवर कधी जोडून, कधी तोडून, कधी ‘ल पोत्र’ असं कोरलेलं असतं. संग्रहालयांच्या यादीत शोधताना सगळे प्रकार टाकून पाहा.

जाँ बेराँ (१६४०–१७११) १६७४ पासून राजाच्या दरबारात आरेखनकार. याची नक्षी हलकी: बारीक पट्ट्या, झुलत्या कमानी, त्यांवर बसलेली माकडं आणि नर्तक. बूलच्या जडावकामावर हीच शैली दिसते. डॅनिएल मारो (१६६१–१७५२) हा प्रोटेस्टंट. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना संरक्षण देणारा नांतचा फर्मान १६८५ मध्ये रद्द झाला त्या सुमारास तो हॉलंडला गेला आणि तिथला सत्ताधीश आणि पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या तिसऱ्या विल्यमच्या पदरी राहिला. त्याचे उंचच उंच छत्रपलंग आणि चिनी मातीच्या भांड्यांनी खच्चून भरलेल्या फायरप्लेसच्या भिंती डच आणि इंग्रज घरांत पोचल्या त्या या छापचित्रांमुळेच.

फ्लॉरेन्सचा स्तेफानो देल्ला बेल्ला (१६१०–१६६४) नावं-शिक्के लिहायच्या नक्षीदार पाट्यांसाठी पाहावा. त्याची रेघ सगळ्यांत नाजूक. चांदीकामासाठी रोमचा जोव्हान्नी जार्दिनी: १७१४ चा शंभर पत्र्यांचा संच, कोरणारा लिम्पाख. जर्मन दरबारी थाट हवा असेल तर पाउल डेकर (१६७७–१७१३). राजवाड्याच्या दालनांची त्याची मोठी पानं ऑग्सबर्गच्या येरेमियास वोल्फने १७११ पासून काढली.

४. एनग्रेव्हिंग आणि एचिंग यांत फरक काय? आणि ही चित्रं यांपैकी कशात मोडतात?

एनग्रेव्हिंगमध्ये रेघ कोरणीने तांब्यात थेट कोरतात, एचिंगमध्ये ती अ‍ॅसिडने खाल्ली जाते. यादीत सरसकट ‘एनग्रेव्हिंग’ लिहिलेलं असलं तरी बहुतेक पानांत दोन्ही असतात. आधी एचिंगने चित्राचा सांगाडा, मग कोरणीने पक्कं काम. लपोत्र तर मुख्यतः एचिंगवालाच, म्हणून एवढा झपाटा.

फ्रेंच छापचित्रकार अब्राहम बॉस याने १६४५ मध्ये ही पद्धत तपशिलाने छापली. तिच्यानुसार काम असं चाले. तांब्याचा सपाट पत्रा, जाडी साधारण दीड मिलिमीटर, घासून आरशासारखा केला जाई. त्यावर राळ आणि अक्रोडाचं तेल शिजवून केलेला कडक लेप तापवून पातळ पसरायचा आणि मेणबत्तीच्या धुराने काळा करायचा, म्हणजे रेघ ओढली की खालचं तांबं चमकून दिसतं. रेखाटनाची मागची बाजू रंगीत भुकटीने घासून ते पत्र्यावर गिरवायचं. मग सुईने, आणि जाड-बारीक होणाऱ्या रेघेसाठी तिरप्या टोकाच्या एशॉपने, लेप खरवडायचा. एशॉप आणि हा कडक लेप दोन्ही आधीचा छापचित्रकार जाक कालो याच्या कामातून रूढ झाले.

त्यानंतर अ‍ॅसिड. व्हिनेगर, नवसागर, मीठ आणि जंगाल (तांब्यावरचा हिरवा गंज) उकळून केलेलं पाणी तिरप्या ठेवलेल्या पत्र्यावर पुन्हा पुन्हा ओतत. दूरच्या, फिकट हव्या असलेल्या रेघा थोडं खाल्लं गेल्यावर चरबीच्या मिश्रणाने झाकायच्या, जवळच्या रेघांना आणखी खाऊ द्यायचं. आरशाची चौकट मागच्या भिंतीपासून सुटून पुढे आलेली दिसते ती यामुळे. शेवटी लेप काढून ब्युरीन म्हणजे कोरणी हातात घ्यायची आणि सावल्या गडद करायच्या.

बिघडतं कुठे, तर लेपात. पत्र्यावर बोटाचा तेलकट डाग राहिला तर तिथे लेप धरत नाही आणि अ‍ॅसिड आत शिरतं. छापात बारीक ठिपक्यांचे पुंजके येतात. जवळजवळ ओढलेल्या रेघांमधला लेप सुटला तर दोन रेघा मिळून एक खड्डा होतो. खड्डा रुंद असल्यामुळे पुसताना त्यातली शाईही निघून जाते आणि जिथे गडद सावली हवी तिथे करडा चट्टा राहतो. अशा जागा तुम्हाला पानांच्या गाभ्यात, अकँथस आत वळतो तिथे हमखास सापडतील.

भिंगातून ओळखायचं असेल तर रेघेचं टोक पाहा. कोरणीची रेघ निमुळती होत संपते, एचिंगची बोथट, गोलसर.

५. एका पत्र्यातून किती प्रती निघत?

ठोकताळा असा: कोरणीने खोल कोरलेल्या पत्र्यातून हजार-दोन हजार बऱ्या प्रती, हलक्या एचिंगमधून काही शे. दर वेळी पुसताना आणि दाबताना तांबं झिजतं. आधी जातात त्या मधल्या छटांच्या बारीक रेघा. बाह्यरेषा टिकतात, त्यामुळे उशिराची प्रत सपाट, कोरडी दिसते. प्रकाशक मग झिजलेल्या रेघा पुन्हा कोरून घेत. अशा प्रतीत सावल्या कडक आणि एकसुरी असतात. पत्रे वारशाने आणि विक्रीने हात बदलत राहिले. लपोत्र वारल्यावर जवळपास सत्तर वर्षांनी, १७५१ मध्ये, पॅरिसच्या जोंबेरने त्याचं काम तीन खंडांत पुन्हा बाजारात आणलं. तेव्हा ‘मूळ पत्र्यावरून छापलेलं’ हे खरं असूनही प्रत थकलेली असू शकते.

६. चित्राची डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी का? चूक आहे का?

चूक नाही, किफायत आहे. एकाच आरशाच्या चौकटीत डावीकडे एक नमुना, उजवीकडे दुसरा. गिऱ्हाइकाने पसंत करावा, कारागिराने तो अर्धा उलटवून पूर्ण करावा. मेणबत्ती-स्टँड, फायरप्लेस, वेद्या यांत हे सर्रास दिसतं. कधी दोन्ही अर्ध्यांच्या मध्ये बारीक उभी रेघ असते, कधी फक्त मधलं फूल सामाईक.

यावरून नमुना करणार असाल तर मधली जागा तपासा. मध्यभागीचा मुखवटा किंवा शिंपला बहुधा दोन्ही पर्यायांना चालेल असा गुळमुळीत काढलेला असतो. एक बाजू आरशासारखी उलटवल्यावर तिथला सांधा नव्याने रेखाटावाच लागतो. नुसतं सॉफ्टवेअरमध्ये फिरवलं की नाक दुभंगलेला मुखवटा तयार होतो.

७. खालच्या कडेला बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय?

ती कामाची वाटणी आहे. ‘इन्व्हेनिट’ किंवा नुसतं ‘इन.’ म्हणजे कल्पना कुणाची. ‘डेलिनेआव्हिट’, ‘डेल.’ म्हणजे रेखाटलं कुणी. ‘स्कुल्प्सिट’, ‘स्क.’ म्हणजे पत्रा कोरणारा. ‘फेकिट’ एचिंग करणाऱ्यासाठी जास्त येतं. ‘एक्सकुडिट’, ‘एक्स.’ म्हणजे प्रकाशक, ज्याच्या मालकीचा पत्रा. एकच माणूस दोन-तीन कामं करी तेव्हा ‘इन. एत फेकिट’ असं जोडून येतं.

‘शे’ या फ्रेंच शब्दापुढे दुकानाचं नाव असतं आणि पॅरिसच्या पत्त्यात सँ-जाक रस्ता फार वेळा दिसतो, कारण छापवाल्यांची वस्तीच ती. पत्रा विकला गेला की नवा मालक जुनं नाव घासून आपलं कोरी. म्हणून प्रकाशकाचं नाव तुमच्या हातातली प्रत कुठल्या टप्प्यातली ते सांगतं, नमुना कधी रचला ते नव्हे. नावाच्या जागी घासल्याचे करडे ओरखडे दिसले तर ती नंतरची आवृत्ती.

‘कुम प्रिव्हिलेजिओ रेजिस’ म्हणजे राजाने दिलेला छपाईचा हक्क. तो राज्याच्या सीमेपुरताच चाले. त्याचे परिणाम पुढच्या प्रश्नात.

८. माझ्याकडचं चित्र संग्रहालयातल्या चित्राच्या बरोबर उलटं आहे. ते नकली आहे का?

बहुधा ती त्याच काळातली नक्कल आहे. कुणी छापील चित्र पाहून पत्र्यावर जसंच्या तसं उतरवलं की छापताना ते उलटतं. सरळ यायला हवं तर आधी आरशातून किंवा तेलकट पारदर्शक कागदावरून उलटवून घ्यावं लागतं. तेवढे कष्ट प्रत्येक जण कशाला घेईल? ऑग्सबर्ग आणि अ‍ॅम्स्टरडॅममध्ये फ्रेंच संचांच्या अशा नकला सर्रास निघत, कारण फ्रेंच राजाचा हक्क तिथे लागू नव्हता. बेराँची पानं अशी फार फिरली.

ओळखायला तीन जागा. घड्याळाचे आकडे आणि माणसाच्या हातातली तलवार-लेखणी उलटी आहे का. प्रकाश कुठून पडतो (मूळ पानांत सहसा डावीकडून). आणि प्रश्न ६ मधली अर्धी-अर्धी पानं, ज्यांत नमुन्यांच्या बाजू बदललेल्या लगेच कळतात. पूर्ण समतोल नक्षीत उलटं-सुलटं कळणारच नाही, तिथे सावलीवरच भिस्त. अशा जुन्या नकलेला ‘खोटी’ म्हणू नये. तिचा स्वतःचा इतिहास आहे, आणि नमुने कसे पसरले ते अशा नकलांवरूनच समजतं. किंमत मात्र मूळ पानाची देऊ नका.

९. कागदावरून काळ ओळखता येतो का?

काही अंशी. उजेडासमोर धरा. या काळातल्या हातकागदात एकमेकींना लागून ओढल्यासारख्या आडव्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण दोन ते तीन सेंटीमीटर अंतरावरच्या उभ्या रेघा दिसतात. साच्यातल्या तारांचे ते ठसे. रेघा अजिबात नसलेला, एकसंध विणीचा कागद इंग्लंडमध्ये १७५७ च्या सुमारास छपाईत आला आणि शतकाच्या शेवटीशेवटी सर्वत्र पसरला. त्यामुळे अशा कागदावरचं लपोत्र त्याच्या हयातीतलं असूच शकत नाही.

उलट अनुमान मात्र काढू नका. रेघांचा कागद आजही बनतो. आणि एक फसवी खूण: फ्रेंच कागदातल्या जलचिन्हात (उजेडासमोर दिसणाऱ्या, साच्यातून उमटलेल्या खुणेत) १७४२ हे साल. सरकारी नियमानुसार ते साच्यात घातलं गेलं आणि पुढे कित्येक वर्षं तसंच राहिलं. ‘जलचिन्हात १७४२, म्हणून छपाई १७४२’ असं लिहिलेल्या नोंदी आम्ही सर्रास पाहतो. त्यातून सिद्ध एवढंच होतं की कागद त्याआधीचा नाही.

१०. मूळ छाप आणि नंतरचं पुनर्मुद्रण यांतला फरक घरी कसा तपासायचा?

दहापट भिंग घ्या आणि या क्रमाने जा. ठिपक्यांची जाळी दिसली तर आधुनिक छपाई, विषय संपला. जाळी नाही, पण शाई कागदावर सपाट बसलेली आहे तर बहुधा लिथोग्राफ, म्हणजे सपाट दगडावरून केलेली छपाई. तांब्याच्या छपाईत शाई खाचेतून उचलली जाते, म्हणून रेघ किंचित उठून दिसते. बाजूने प्रकाश टाकला तर तिची सावली पडते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला वळ हवा.

फसगत होते ती एकोणिसाव्या शतकातल्या फोटोग्रॅव्ह्युअरमध्ये, म्हणजे फोटोवरून पत्र्यात खाचा पाडून केलेल्या छपाईत. तिथेही धातूचा पत्रा, तिथेही वळ, शाईही खाचेतली. पण रेघेच्या कडा भिंगाखाली दाणेदार आणि मऊ दिसतात, आणि सगळ्या रेघांची खोली जवळपास सारखी असते. प्रश्न ४ मध्ये सांगितलेला जवळ-दूरचा फरक हरवतो.

समास कापून वळच नाहीसा केलेल्या मूळ प्रतीही खूप आहेत. जुने संग्राहक पानं कापून वहीत चिकटवत. वळ नाही म्हणून पान टाकून देऊ नका.

११. दोन प्रतींच्या मापांत तीन-चार मिलिमीटरचा फरक येतो. पत्रे वेगळे असतील का?

गरजेचं नाही. कागद ओला करून छापतात आणि वाळताना तो आकसतो, एका दिशेला जास्त. २० सेंटीमीटरला एक-दोन टक्के म्हणजे दोन ते चार मिलिमीटर झालेच. वेगळा पत्रा ठरवायचा तर रेघा मोजा: नक्षीतल्या एकाच पानाच्या सावलीत दोन्ही प्रतींत सारख्या रेघा आहेत का, त्या त्याच जागी तुटतात का.

१२. चित्रात माप दिलेलं नसतं. वस्तूचा खरा आकार कसा काढायचा?

काही पानांवर खाली मापपट्टी असते. फ्रेंच पट्टीवर ‘त्वाज’ असेल तर १.९४९ मीटर. त्याचे सहा ‘पिए’, प्रत्येक ३२.४८ सेंटीमीटर, आणि एका पिएचे बारा ‘पूस’, प्रत्येक सुमारे २.७ सेंटीमीटर. डच पानावर आपला ३०.४८ चा फूट लावू नका; अ‍ॅम्स्टरडॅमचा फूट २८.३ सेंटीमीटरच भरतो. मोजायचं ते पानावरच्या पट्टीशी ताडून, हातातल्या फूटपट्टीने नव्हे, कारण कागदाबरोबर पट्टीही आकसलेली असते (प्रश्न ११).

पट्टी नसेल तर माणसाच्या आकृतीवरून काढण्याचा मोह होतो. लपोत्रच्या बाबतीत तो आवरा. दालन भव्य दिसावं म्हणून माणसं बारकी काढलेली असतात. त्यापेक्षा वापराची मापं धरा: मेजाची उंची ७५–८५ सेंटीमीटर, दाराचा कडीकोयंडा माणसाच्या हाताशी. बाकीचं त्या प्रमाणात.

१३. अशा चित्रावरून लाकडात हाताने कोरीवकाम किंवा सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर कोरणं) करायचं आहे. काय काळजी घ्यावी?

आधी वाढीचं गणित. लपोत्रचं सर्वसाधारण पान १५ बाय २२ सेंटीमीटरच्या आसपास. ते ११० सेंटीमीटर उंच करायचं म्हणजे पाचपट, ०.२ मिलिमीटरची रेघ १ मिलिमीटर होते. ३ मिलिमीटरचा कटर ती रेघ कोरूच शकत नाही. पण मुळात रेघा कोरायच्याच नसतात. त्या सावलीच्या आहेत, आकाराच्या नाहीत. फाइल आपोआप व्हेक्टर करून (सॉफ्टवेअरने प्रत्येक रेघ कापण्याची वाट म्हणून धरून) मशीनला दिली की लाकडावर हजारो खरचट्या उमटतात. ही सगळ्यांत वारंवार होणारी चूक.

करायचं असं: फक्त बाह्यरेषा हाताने गिरवून घ्या, रेघांचे पट्टे वगळा, आणि ते पट्टे वाचून खोली ठरवा. आकाराभोवती वळणाऱ्या समांतर रेघा म्हणजे फुगीर भाग. एकमेकींना छेदणाऱ्या दाट रेघा म्हणजे खोल घळ किंवा मागची बाजू. कोरा कागद म्हणजे उजेड पडणारा माथा, जिथे मुलामा चमकतो. खोलीचे तीन किंवा चार टप्पे ठरवून आधी मातीत किंवा मेणात एक पान करून बघा. छापचित्रात छेद, म्हणजे वस्तू कापल्यावर बाजूने दिसणारा आकार, दिलेला नसतो, त्यामुळे अकँथसचं टोक किती पुढे झुकतं हा निर्णय कोरणाऱ्याचाच. युरोपातल्या कारागिरानेही तो स्वतःच घेतला होता.

मोडतोड कुठे होते तेही आधी पाहा. चांदीसाठी रचलेली बारीक, अधांतरी वेल लाकडात दाण्याच्या आडव्या दिशेला आली की तुटते. तिथे मागे आधार ठेवा किंवा तो तुकडा वेगळ्या लाकडाचा, दाणा फिरवून, जोडा.

बूल पद्धतीच्या जडावाच्या पानांत आणखी एक मेख आहे. त्याच्याकडे पितळ आणि कासवपाठीचे पत्रे एकावर एक ठेवून बारीक करवतीने एकत्र कापत, म्हणून एकाच नमुन्याच्या दोन उलट जोड्या निघत: काळ्यावर पितळी आणि पितळीवर काळी. छापचित्र पाहून कुठला भाग पितळेचा ते ठरत नाही, दोन्ही बरोबर.

१४. मोठ्या रेझोल्यूशनच्या फाइली मोफत कुठे मिळतील? व्यवसायासाठी वापरता येतील का?

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय (२०१७ पासून मुक्त वापराचं धोरण) आणि अ‍ॅम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम, ही दोन आधी पाहा. दोन्हीकडे अलंकरणाच्या छापचित्रांचा साठा मोठा आहे. चित्राच्या पानावर ‘सार्वजनिक’ अशी खूण आहे ना ते प्रत्येक वेळी तपासा. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दाखवतं भरपूर, पण व्यावसायिक वापराच्या अटी वेगळ्या आहेत. बर्लिनच्या कुन्स्टबिब्लियोटेकचा संग्रहही अभ्यासासाठी उत्तम.

नमुन्याचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे. भारतात तो कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा. अडचण येते ती कुणीतरी काढलेल्या फोटोची किंवा आधुनिक पुस्तकातल्या साफसूफ केलेल्या रेखाटनाची. म्हणून पुस्तक स्कॅन करण्यापेक्षा वरच्या दोन ठिकाणांहून घ्या.

१५. हे बरोक आहे की रोकोको?

मधोमध उभी रेघ कल्पा. दोन्ही बाजू एकमेकींना तोलत असतील तर बहुधा बरोक. मुद्दाम तोल मोडलेला, शिंपला एका कुशीवर कललेला असेल तर १७३० नंतरचं रोकोको, फ्रेंच आरेखनकार मेसोनियेच्या वळणाचं. प्रश्न ६ मधली दोन पर्यायांची पानं यात धरू नका, ती रोकोको नव्हेत.

खरा अपवाद डच सोनारांचा. व्हान व्हियानेन घराण्याचे १६५० च्या सुमाराचे ४८ पत्र्यांचे नमुने वितळत्या मेणासारखे ओघळणारे, कानाच्या पाळीसारख्या घड्यांचे आहेत. तोल मोडलेला दिसला तरी ते रोकोकोच्या ऐंशी वर्षं आधीचे. आणि रोमचा छापचित्रकार पिरानेसी याच्या १७६९ च्या फायरप्लेस-चौकटी दुकानदार ‘बरोक’ म्हणून विकतात ते निव्वळ भरगच्चपणा पाहून; त्यात इजिप्शियन आकृत्या आहेत आणि काळही पुढचा आहे.

१६. रंगीत प्रत मिळतेय. जास्त मौल्यवान का?

ही पानं काळ्या शाईतच विकली जात. रंग बहुतेक वेळा नंतर, सजावटीसाठी विकताना भरलेला असतो. रंग पानावरच्या जुन्या डागाच्या किंवा घडीच्या वरून गेलेला दिसला तर शंकाच नको. साधी, स्वच्छ काळी प्रत घ्यावी.

१७. गोव्याच्या चर्चमधल्या सोनेरी वेद्या या छापचित्रांवरूनच केल्या आहेत ना?

मिशनऱ्यांबरोबर युरोपीय छापील चित्रं आणि पुस्तकं येत आणि स्थानिक कारागीर त्यांवरून काम करत, इथवर ठीक. पण ‘अमुक वेदी तमुक पानावरून’ म्हणायला नक्षीतले बारकावे जुळावे लागतात: पानाच्या वळशांची संख्या, मुखवट्याची जागा, चुकासुद्धा. नुसते पिळाचे खांब आणि देवदूतांची डोकी सारखी असणं पुरेसं नाही. ती सगळ्या कॅथलिक जगात होती.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमधली संत फ्रान्सिस झेवियरची समाधी एकाच जागी दोन परंपरा दाखवते. वरची चांदीची पेटी १६३७ ची, गोव्यातल्याच सोनारांनी घडवलेली. खालचा संगमरवरी चौथरा आणि ब्राँझच्या चौकटी तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने दिलेल्या, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याच्या हातच्या. तो चौथरा १६९८ मध्ये इथे उभा राहिला. फ्लॉरेन्समध्ये घडवून जहाजाने आणलेल्या वस्तूला ‘छापचित्रावरून केलेलं गोवन काम’ म्हणणारे लेख फिरतात, ते दुरुस्त करून घ्या.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ल ब्रँची चित्रं आहेत, असंही कुणी ना कुणी विचारतं. आहेत, चौदाव्या लुईच्या शाही कारखान्याचा प्रमुख तोच ल ब्रँ. पण ती माणसाचे चेहरे आणि प्राण्यांचे चेहरे यांच्या तुलनेची आहेत, फर्निचरची नव्हेत.

१८. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ही पानं कशी ठेवावीत?

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि तीही स्थिर. दिवसा एसी आणि रात्री बंद हा खेळ सतत थोड्या दमट हवेपेक्षा वाईट, कारण कागद रोज फुगतो-आकसतो आणि लाटा धरतो. आम्लमुक्त बोर्डाच्या खिडकी-माउंटमध्ये, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावून पान लटकतं ठेवा. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन नको. काच आणि पान यांत माउंटची जाडी राहिलीच पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात शाईचा भाग काचेला चिकटतो. प्रकाश ५० लक्सपर्यंत आणि भिंत बाहेरची, ओल येणारी नको.

तपकिरी ठिपके आले तर ब्लीच करू नका. कसर लागली असेल, म्हणजे कागदाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा पातळ झालेला दिसेल, तर पान वेगळं काढून जाणकार संवर्धकाकडे द्या. डांबराच्या गोळ्या पानाजवळ ठेवू नका.

१९. बांधीव खंड मिळाला आहे. पानं सुटी करून फ्रेम केली तर चालेल का?

नको. सुट्या पानांना बाजार आहे म्हणून अनेक खंड फोडले गेले आणि त्याबरोबर संचांचा क्रम, शीर्षकपान, एकाच मालकाने काय काय एकत्र बांधलं होतं ही माहिती गेली. पूर्ण संचाची किंमतही सुट्या पानांच्या बेरजेपेक्षा सहसा जास्त येते. भिंतीवर लावायला प्रश्न १४ मधली फाइल छापून घ्या.

आधीच सुटी झालेली पानं असतील तर मागच्या पेन्सिलीच्या खुणा, जुने क्रमांक, शिलाईची भोकं पुसू-बुजवू नका. भोकांमधली अंतरं जुळवून एकाच खंडातली पानं पुन्हा ओळखता येतात. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतातून बाहेर नेताना पुरावस्तू कायदा आडवा येतो; परदेशातून विकत आणलेल्या पानाची बिलं आणि कस्टमची कागदपत्रं म्हणून जपून ठेवा.